टाकीतला सुधाकर

संपादकांनी मला पाखरांवर लिहायला सांगितलं होतं. "तुमचं काम मजेशीर आहे, दिवाळीत लोकांना वाचायला बरं वाटेल," असं ते फोनवर म्हणाले आणि मीही हो म्हटलं. पाखरांवर लिहितो. पण फार वेळ पाखरांवर टिकणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. माझ्या कामाबद्दल खरं सांगायचं तर ते करण्याची परवानगी मला कशी मिळाली ते सांगावं लागेल, आणि त्यात मजेशीर फार थोडं आहे.

आमच्या जिल्ह्यात एक धावपट्टी आहे. मोठी विमानं मोजकी येतात, बाकी वेळ शिकाऊ मुलांची लहान विमानं वर घिरट्या घालत असतात. धावपट्टीच्या भिंतीपलीकडे चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची शेतं, आहेत. धान म्हटलं की पाणी आलं, पाण्यात बेडूक, किडे, मासोळ्या आल्या आणि त्या खायला बगळे, टिटव्या, घारी आल्या. विमान उतरताना एखादी घार इंजिनात गेली तर काय होतं ते सणासुदीच्या अंकात लिहीत नाही. ती जाऊ नये म्हणून मला पगार मिळतो. मी पाखरं हाकलतो.

आमच्या गावात, मुर्रीत, याची फार थट्टा होते. "पाखरं हाकलाचे पैसे भेटते काय गा, सुधाकर? आमी तं जनमभर फुकटच हाकलतो." मी म्हणतो, तुमच्या बांधीतला बगळा विमानाच्या आड येत नाही.

काम दिसतं तेवढं सोपं नाही. सुतळी बॉम्ब फोडता येतो, गॅसवर चालणारी तोफ वाजवता येते, शिट्टी आहे, चकाकणाऱ्या पट्ट्या आहेत. पण पाखरू शिकतं. तोच आवाज, त्याच जागी, त्याच वेळी झाला की थोड्याच दिवसांत बगळा मान वर करूनसुद्धा पाहत नाही. म्हणून जागा बदलायची, वेळ बदलायची, कपडेसुद्धा बदलायचे. गवत फार वाढू द्यायचं नाही, फार कापायचंही नाही, कारण कापणी झाली की किडे उघडे पडतात आणि अख्खी पंगत उतरते. सारसाची एक जोडी एकदा पट्टीच्या मधोमध येऊन उभी राहिली होती. वर एक शिकाऊ पोरगी विमान घेऊन चकरा मारत होती आणि खाली हे दोघं माणसाएवढे उंच, लग्नातल्या पाहुण्यांसारखे निवांत. सारसावर बॉम्ब टाकायचा नसतो. मी दोन्ही हात पसरून, हळूहळू, त्यांच्याकडे न पाहता चालत गेलो. नर दोनदा ओरडला, मग दोघंही भिंतीवरून पलीकडे गेले. वरच्या पोरीनं नंतर खाली येऊन मला नमस्कार केला. असा नमस्कार मला आयुष्यात फार मिळालेला नाही.

दुपारचं ऊन मात्र वाईट. मोकळ्या सपाटीवर हवा हलायला लागते आणि दूरच्या टोकाला माणूस उभा असल्यासारखा दिसतो, कधी पाय नसलेला, कधी उलटा. नवा माणूस घाबरतो, वायरलेसवर ओरडतो. जुना माणूस जीप घेऊन जातो, बघतो, परत येतो. तिथे कोणी नसतं, पण जाऊन पाहायचंच असा नियम आहे. न पाहता "कोणी नाही" म्हणायचं नाही. हा नियम मी मनापासून पाळतो. त्याचं कारण पुढे येईल.

आता पासाबद्दल. धावपट्टीच्या आत पाय ठेवायचा तर गळ्यात पास लागतो. कायमचा पास देण्याआधी सरकार माणसाला तपासतं. कुठे जन्मला, कुठे राहिला, कोणता गुन्हा, कोणाशी ऊठबस. कागद वरच्या कार्यालयातून खाली येत येत शेवटी आपल्या गावच्या पोलीस ठाण्यात पोचतात आणि तिथला हवालदार मोटारसायकलवर बसून आपल्या दारात येतो. एवढी मोठी चौकशी शेवटी शेजारी काय म्हणतो यावर येऊन थांबते. तोवर तात्पुरता पास असतो, आणि तात्पुरत्या पासवाल्यानं आत एकट्यानं फिरायचं नाही. कायम पासवाला एक माणूस सतत सोबत लागतो. माझ्यासोबत तिवारीजी असत, निवृत्तीला आलेले, गुडघ्यांनी त्रासलेले.

"आप चिड़िया को देखो, मैं आपको देखता हूँ," ते म्हणत. "मुझे घर में मिसेस देख लेती है."

तात्पुरता पास किती वेळा वाढवायचा याला मर्यादा असते. माझी मर्यादा जवळ आली होती. कायमचा पास आला नाही तर काम जाणार, आणि माझ्या वयाच्या, माझ्या मागच्या इतिहासाच्या माणसाला दुसरं काम कोण देणार, हे मला आणि माझ्या बायकोला, वंदनाला, चांगलं माहीत होतं.

मागचा इतिहास असा. तरुणपणी काही वर्षं मी गर्द ओढत होतो. गर्द म्हणजे तपकिरी पावडर. पन्नीवर टाकून, खालून आग लावून, धूर आत घ्यायचा. गोंदियात राईस मिल पुष्कळ. मुर्रीच्या बाजूला एक बंद पडलेली होती. उसना, म्हणजे उकडा, तांदूळ करायला धान आधी भिजत घालतात, त्यासाठी तिथे सिमेंटच्या खोल टाक्या बांधलेल्या होत्या. त्यातल्या एका कोरड्या टाकीत मी आणि माझा मित्र देवानंद बसायचो. टाकीत वारा लागत नाही, ज्योत हलत नाही. खाली कोंड्याचा जाड थर, त्यामुळे पावलाचा आवाजसुद्धा होत नाही. आत बसलं की जग आहे की नाही ते कळत नसे. मी उत्तरेच्या भिंतीला पाठ लावून, गुडघे छातीशी घेऊन बसायचो. देवा समोर.

त्या वर्षांत मी काय काय केलं त्याची यादी देत नाही. शेजारच्या लक्ष्मणभाऊंच्या विहिरीवरची मोटर मी विकली, एवढं पुरे. त्यांनी तक्रार केली नाही, म्हणून माझ्यावर गुन्हा नाही. मग नागपूरच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात मी राहिलो, सुटलो, आणि पुन्हा हात लावला नाही. याला आता बरीच वर्षं झाली. मी लग्न केलं, मुलगी झाली, अजूनही दर आठवड्याला आमच्यासारख्यांच्या बैठकीला जातो.

पासाच्या अर्जात गुन्ह्याबद्दल विचारलं होतं, नशेबद्दल नाही. मी तिवारीजींना विचारलं, तरीही लिहू का?

"जो पूछा है वो लिखो," ते म्हणाले. "जो नहीं पूछा वो ऊपरवाले को बताओ. वो पास नहीं रोकता."

मी लिहिलं नाही. पण ठरवलं होतं की हवालदार आले की तोंडी सांगेन.

हवालदार बिसेन आले ते माझ्या सुट्टीच्या दिवशी, भर दुपारी. वयस्क, शांत, रुमालानं मान पुसत माझ्या छपरीत बसले. मी सांगायला तोंड उघडलं तर म्हणाले, "थांबा सुधाकरभाऊ, आधी लोकायले बोलू द्या. तुमचं मंग."

लोक बोलले. लक्ष्मणभाऊ म्हणाले, "या माणसानं सुपारीचं खांड नाही खाल्लन साहेब, आजवर." समोरची काकू म्हणाली, "गाय आहे, गाय." तिसऱ्यानं सांगितलं की मी लहानपणापासून असाच आहे. मी पाहत होतो. कोणी डोळा मारत नव्हतं, कोणी दबकत नव्हतं. सगळ्यांचे चेहरे खरं बोलणाऱ्या माणसांचे होते. माझ्यासाठी ते खोटं बोलत आहेत असं वाटलं असतं तर मी ओशाळलो असतो. पण मला वेगळंच वाटलं. मला वाटलं, यांना खरंच आठवत नाही. ती वर्षं यांच्याकडे नाहीतच. मग ती वर्षं जगला तो कोण, आणि तो गेला कुठे? 

हवालदारांनी जबाब लिहून घेतले, पिशवीत ठेवले, उठले आणि मग म्हणाले, "एकच गोष्ट. मिलमागची सोनाबाई म्हणते, तुम्ही अजून टाकीत बसता."

"कोण, मी?"

"नाव घेतलन तिनं. सुधाकर. चार दिवसांआधी पाहली म्हणे. तक्रार नाही करत होती, उलट कीव करत होती. येते बिचारा दुपारचा, म्हणे, पाणी मांगते."

"दुपारी मी पट्टीवर असतो साहेब. माझ्यासोबत माणूस असतो."

"असंल. पण ते तुमची हजेरी झाली. मले जे सांगतलं ते मले लिहा लागते. सोमवारी मी जागा पाहाले येतो. तोवर तुम्ही इचार करून ठेवा."

कशाचा विचार, ते त्यांनी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशीही माझी सुट्टी होती. मी सोनाबाईकडे गेलो. बाई म्हातारी, मिलच्या मागच्या भिंतीला लागून एका खोलीत राहते, गोवऱ्या थापते. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. मी दारात उभा राहिलो, काही बोललो नाही, तर तीच म्हणाली, "कोण, सुधाकर? आज लवकर आला?"

मी एक पाऊल पुढे आलो.

"बस. पाणी देतो. काल काऊन नाही आला?"

"आजी, मी किती दिवसांनी आलो?"

ती थांबली. मान तिरकी करून ऐकल्यासारखं केलं. "तुहा आवाज बदलला गा," ती म्हणाली. "आज पोट भरलेल्या माणसाचा आवाज आहे."

मग थोडी मागे सरकली. पाण्याचा लोटा तिनं माझ्या हातात दिला नाही, उंबऱ्यावर ठेवला आणि हात पदराला पुसले. "एकाच नावाचे दोन-दोन येऊन राहिले," असं ती स्वतःशीच बोलली आणि आत निघून गेली.

मी मिलमध्ये गेलो. दुपारची वेळ, वर पत्रे तापून कडकड वाजत होते आणि आत सावली इतकी दाट की डोळे सरावायला वेळ लागला. कोंड्यावर पाय पडत होते आणि आवाज होत नव्हता. स्वतःच्याच चालण्याचा आवाज आला नाही की माणसाला आपण आहोत की नाही अशी शंका येते. मी त्या टाकीच्या काठाशी गेलो आणि आत पाहिलं.

उत्तरेच्या भिंतीला पाठ लावून, गुडघे छातीशी घेऊन, एक माणूस बसला होता. मान खाली. माझी जागा. माझी बैठक. उजवा हात डाव्या पायाच्या घोट्यावर, तसाच, जसा मी ठेवत असे.

मी पळणार होतो. पळालो असतो तर पुढचं काहीच लिहावं लागलं नसतं. पण त्या माणसाला खोकला आला, आणि खोकताना त्यानं तोंड वर केलं.

तो देवानंद होता.

इथे मला मागे जावं लागेल, कारण देवानंद मेलेला होता. ही गोष्ट मला कोणी सांगितलेली नव्हती, मीच सगळ्यांना सांगितली होती.

त्या वर्षांत देवा गाड्यांवर फिरायचा, महिनोन् महिने दिसायचा नाही. एकदा छत्तीसगडातल्या एका रेल्वेच्या गावाहून पोलिसांचा निरोप आला. रुळांच्या कडेला एक प्रेत सापडलं होतं, अंगावर निळा शर्ट, शर्टाच्या कॉलरवर गोंदियाच्या शिंप्याची पट्टी. शिंप्यानं कापड ओळखलं. तो शर्ट माझ्या बहिणीच्या लग्नात माझ्यासाठी शिवलेला होता, आणि देवानं तो माझ्या दोरीवरून नेला होता. देवाचे वडील दशरथकाका आणि मी गाडीनं गेलो. काका शवागाराच्या बाहेर बाकावर बसले ते उठलेच नाहीत. म्हणाले, "तूच पाह बाबू. माह्याच्यानं नाही होत."

मी आत गेलो. सकाळपासून मला पावडर मिळाली नव्हती, अंग मोडत होतं, नाक वाहत होतं, मला तिथून बाहेर पडायचं होतं, बस. चादर उचलली. चेहऱ्यावर ओळखण्यासारखं काही राहिलं नव्हतं. शर्ट माझा होता. विचारलं, "हाच का?" मी म्हणालो, "हो." सही केली. बाहेर आलो तर काकांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, समजले, आणि रडायच्या आधी खिशात हात घालून माझ्या हातावर पैसे ठेवले. म्हणाले, चहा पिऊन ये. मी चहा प्यायलो नाही.

प्रेत तिकडेच जाळलं. मुर्रीत तेरवी झाली. गाव जेवलं. मीही जेवलो. आणि त्यानंतर काही दिवसांनी मी स्वतःहून केंद्रात गेलो, कारण देवासारखं मरायची मला भीती वाटली. आमच्या बैठकींमध्ये मी ही गोष्ट कितीदा सांगितली असेल! माझा मित्र असा मेला, मी त्याला माझ्या शर्टावरून ओळखला. ऐकणारे रडायचे. दोघा-तिघांनी मला सांगितलं की ती गोष्ट ऐकून त्यांनी सोडलं. माझं सुधारणं देवाच्या मरणावर उभं होतं, आणि देवा टाकीत बसून माझ्याकडे पाहत होता.

"आला काय," तो म्हणाला. "मले वाटलंच होतं, कोणी ना कोणी तुले सांगन."

त्याचे दात गेले होते. हात काड्यांसारखे. पण हसणं तेच.

"देवा, तू..."

"हळू बोल. मेल्या माणसाच्या नावानं हाका मारून राहिला काय? भूत लागंल तुले." आणि स्वतःच हसत खोकला.

मी टाकीत उतरलो. त्याच्या समोर, म्हणजे त्याच्या जुन्या जागी, बसलो. त्यानं सांगितलं ते असं. तो तेव्हा रायपूरकडे होता. बऱ्याच महिन्यांनी गोंदिया स्टेशनवर उतरला, ओळखीच्या पानवाल्यासमोर उभा राहिला, तर पानवाला किंचाळून मागे पडला. मग कळलं की आपली तेरवी झाली, बाप त्या धक्क्यानं गेला, भाऊ घर विकून सुरतेला गेला. मी तेव्हा केंद्रात होतो, आणि भूत पाहिल्याची गोष्ट मला नंतरही कोणी सांगितली नाही.

"तेरवी जेवलेले लोक मले पाहून दार लावत होते गा. कोणाच्या दारात जाऊ? परत गाडीत बसलो." आता शरीर थकलं म्हणून आला होता. मरायला, असं त्यानं म्हटलं नाही, पण माझ्या लक्षात आलं.

"आणि माझं नाव काऊन सांगतो लोकांना?"

"मंग कोणाचं सांगू? माहं तं जळलं. तुहं नाव इथं चांगलं चालते. सुधाकर म्हटलं का बुढी पाणी देते, भाकर देते. म्हणते, सुधारला होता, परत लागला बिचारा." तो माझ्याकडे बघत राहिला. "तुह्या नावानं जगाले मजा येते बे. कोणी भेत नाही."

मी शर्टाबद्दल विचारलं.

"तो निळा? तिकडं फलाटावर एक माणूस थंडीनं काकडून राहिला होता. नशेवाला नव्हता, साधा होता. त्याले देल्लो. त्यानं मले बिडी देल्ली."

"कोण होता?"

"नाव नाही इचारलो. म्हणे, घरी जाऊन राहिलो."

मी त्याला हवालदारांबद्दल, पासाबद्दल सांगितलं. तो सगळं समजला. अशा माणसाची बुद्धी शेवटपर्यंत शाबूत असते, तोच तर त्रास असतो. म्हणाला, "सोमवारच्या आधी मी निघून जातो. हवालदाराले टाकी रिकामी दिसंल. तू म्हण, बुढी आंधळी आहे. होऊन जाईल तुहा पास."

हे किती सोपं होतं! मी घरी येईपर्यंत मनात तेच घोळवत होतो. खोटंही बोलावं लागणार नव्हतं, नुसतं गप्प राहायचं होतं. उलट खरं सांगायचं तर मला पोलिसांपुढे म्हणावं लागणार होतं की टाकीतला माणूस मी नव्हे, देवानंद आहे, आणि देवानंद मेला असं मीच सही करून सांगितलं होतं. ज्याच्या जुन्या सहीवर विश्वास ठेवता येत नाही, त्याच्या गळ्यात कोण पास घालणार?

संध्याकाळी वंदनाला सांगितलं. तिनं मला माझ्या सगळ्या वर्षांसकट पत्करलेलं आहे, तरी देवाचं ऐकून तिनं चुलीतली लाकडं मागे ओढली. मग म्हणाली, "तुमाले सांगाचं तं सांगा, नसंल सांगाचं तं नका सांगू. पण तो माणूस तिथं मेला, तं तुमच्या नावानं मरंल. मंग सोनाबाई येऊन मलेच सांगंल, सुधाकर गेला म्हणून."

 मी तिच्याकडे पाहिलं. ती थट्टा करत नव्हती.

सोमवारी मी हवालदारांच्या आधी टाकीपाशी जाऊन बसलो. देवा गेला नव्हता. जाण्याइतकी ताकदच नव्हती त्याच्यात. बिसेन आले, काठावरून वाकून आत पाहिलं, मग माझ्याकडे, मग पुन्हा आत.

"हा कोण?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं. गर्द, मोटर, शर्ट, शवागार, हो, सही. लक्ष्मणभाऊंचा जबाब खोटा आहे हेही सांगितलं. ते कोंड्याच्या पोत्यावर बसून लिहीत होते. मध्येच थांबून त्यांनी देवाला विचारलं, "तुम्ही देवानंद?"

देवा म्हणाला, "होतो."

"होतो नाही. आहो म्हणा. तसं लिहा लागते."

देवाला ते म्हणायला वेळ लागला. तोंड उघडलं, मिटलं, आणि मग लहान मुलासारखा हुंदका देऊन म्हणाला, "आहो साहेब."

लिहून झाल्यावर हवालदारांनी पेन खिशाला लावला, उठले आणि जाता जाता सहज विचारावं तसं विचारलं, "मंग तिकडं जाळला तो कोण?"

मी म्हणालो, "माहीत नाही साहेब. चेहरा ओळखू येत नव्हता."

ते पिशवी खांद्याला लावून बाहेर गेले. मग मोटारसायकल सुरू झाल्याचा आवाज आला.

देवाला आम्ही नागपूरच्या त्याच केंद्रात नेलं. तो तिथे आहे. तो जिवंत असल्याचे कागद होत आहेत. एका कार्यालयात त्याच्याकडे त्याच्याच जिवंतपणाचा दाखला मागितला तेव्हा तो म्हणाला, "साहेब, चिमटा घेऊन पाहा." माझं प्रकरण वर गेलं, मला बोलावलं गेलं, पुष्कळ प्रश्न झाले. शेवटचं कधी घेतलं, आता कोणाबरोबर असता, तेव्हा सही का केली. मी उत्तरं दिली. तात्पुरता पास संपला, मी काही आठवडे घरी बसलो, काम गेलंच असं धरून चाललो. आणि एके सकाळी तिवारीजींचा फोन आला.

"बधाई हो! आपका क्लियर हो गया. अब मुझे आपके पीछे नहीं घूमना पड़ेगा, मेरे घुटने आपको दुआ देंगे."

मी गेलो, पास गळ्यात घातला. पहिल्यांदा एकट्यानं पट्टीवर चालत गेलो. बगळे उठले, टिटव्या ओरडल्या. मला आनंद झाला नाही. मी तोच आहे, हे सरकारनं तपासून पाहिलं होतं. देवा तोच आहे, हेही तपासलं गेलं. तिसऱ्याला, माझ्या शर्टात जळाला त्याला, कोणीच तपासलं नव्हतं. त्याला शोधायला कोणी तिकडच्या ठाण्यात आलं असेल तर त्यांना उत्तर मिळालं असेल, "असं कोणी इथे सापडलं नाही." कारण त्या प्रेताला नाव होतं. ते मी दिलं होतं.

हवालदारांना मी "चेहरा ओळखू येत नव्हता" म्हणालो ते खरं आहे. पण चेहऱ्याखाली माणूस असतो. मी तो पाहिला होता. बैठकींमध्ये सांगितलं नाही, वंदनाला सांगितलं नाही, वरच्या चौकशीतही सांगितलं नाही, कारण तिथे कोणी विचारलं नाही. हा लेख पाठवण्याआधी, काल, मी ठाण्यात जाऊन बिसेन हवालदारांना ते सांगितलं. त्यांनी पुन्हा पेन काढला. हे वाचून माझ्या पासाचं काय होईल ते मला माहीत नाही. अंक तुमच्या हातात येईल तेव्हा मी पट्टीवर असेन किंवा नसेन.

त्याच्या उजव्या मनगटाच्या आतल्या बाजूला विंचू गोंदलेला होता आणि विंचवाखाली 'कमला' असं नाव होतं. देवाच्या अंगावर गोंदण कधीच नव्हतं, आणि देवाच्या अंगाची मला स्वतःच्या अंगाइतकी माहिती होती. कमरेच्या काळ्या करदोड्यात तांब्याचं भोक पाडलेलं नाणं ओवलेलं होतं. उजव्या हाताच्या पहिल्या बोटावर खोल रेघ होती, जाळं ओढून ओढून सुतानं पडते तशी. पावलं रुंद, पाण्यात उभं राहणाऱ्या माणसाची. उंची माझ्याएवढी, म्हणून शर्ट बरोबर बसला होता. मी हे सगळं पाहिलं आणि हो म्हणालो.

दुर्ग-रायपूरकडच्या फलाटावरून तो घरी यायला निघाला होता. तुमच्या किंवा तुमच्या ओळखीच्या घरात कोणी कमला असेल आणि तिचा माणूस पोचला नसेल, तर तिला सांगा की तो निघाला होता.